उंदराची नवी जात

औंढ्याहून सिद्धेश्वरच्या धरणाकडे निघालं की वाटेत बंजाऱ्यांच्या तांड्याचा फाटा लागतो. त्या फाट्यावर दिवाळीनंतर एक फ्लेक्स लागला आणि देविदास आडे या माणसाचं सुख त्याच्या पुढच्या सोमवारपर्यंतच टिकलं.

फ्लेक्सवर बैलगाडीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'उंदराची नवी जात शोधल्याबद्दल प्रा. देविदास आडे यांचे हार्दिक अभिनंदन!' डाव्या कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून तांड्याचे नाईक लालसिंग हात जोडून उभे. उजव्या कोपऱ्यात देविदासचा लग्नातला फोटो, फेट्यासकट. मधोमध उंदीर. तो मात्र गुबगुबीत, पांढराशुभ्र आणि लाल डोळ्यांचा होता, कारण वसमतच्या फ्लेक्सवाल्याने नेटवर पहिला दिसला तो उचलून छापला होता. असा उंदीर खरोखर तांड्यात निघाला असता तर बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं असतं.

खरं म्हणजे देविदासला इतक्यात कुणाला सांगायचंच नव्हतं. पण पोटात गोष्ट ठेवील तो देविदास कसला! लहानपणी शाळेत बक्षीस मिळालं तेव्हाही तो नाव पुकारायच्या आधीच स्टेजवर चढून उभा होता. माणूस मोठा झाला, प्राध्यापक झाला, पण खोड जाते थोडीच.

तांड्यातला हा पहिला प्राध्यापक. वसमतच्या एका कॉलेजात तो प्राणिशास्त्र शिकवायचा आणि शनिवारी संध्याकाळी आईकडे तांड्यावर यायचा. त्याला नाद होता उंदरांच्या कवट्यांचा. शेतातले, घरातले, हळदीच्या गोदामातले, जिथे मेलेला उंदीर दिसेल तिथून तो कागदात गुंडाळून न्यायचा. मुंग्यांच्या वारुळावर मडकं पालथं घालून त्याखाली ठेवायचा. मुंग्या आपलं काम चोख करायच्या आणि मग पांढरी स्वच्छ कवटी पेढ्याच्या खोक्यात, कापसावर, कॉलेजच्या कपाटात जाऊन बसायची. तांड्यातले लोक म्हणायचे, "लालदिव्याच्या गाडीत बसंल म्हणलं व्हतं, हे पोरगं तर उंदराच्या मागं लागलं."

देविदासला त्याचं काही वाटत नसे. एकाच बिळातल्या दोन भावांच्या कवट्याही सारख्या नसतात, हे त्याला दिसायचं. एकाचं नाकाचं हाड लांब, दुसऱ्याचं आखूड. एकाच्या गालाची कमान रुंद, दुसऱ्याची चिंचोळी. कानामागचे हाडाचे फुगे कुणाचे टपोरे, कुणाचे बसके. माणसांचे चेहरे लोक ओळखतात तसे तो उंदरांचे ओळखायला लागला होता, आणि त्यात त्याचे दिवस फार मजेत जात होते.

अशातच पोळ्याच्या सुमारास त्याला ती कवटी मिळाली. विद्यार्थ्यांना दाखवायला विंचू सापडतो का, म्हणून तो तांड्यामागच्या नाल्याच्या बांधावर दगड उलथून बघत होता. पळसाच्या झाडाखाली एक चपटा दगड होता. तो उचलला तर खाली विंचू नव्हता, उंदराची हाडं होती, आणि कवटी अशी की देविदास तिथेच मातीत फतकल मारून बसला. वरचे पुढचे दोन दात मुऱ्हा म्हशीच्या शिंगांसारखे गोल वळले होते आणि वळून परत टाळूला टेकले होते. असे दात त्याने जन्मात पाहिले नव्हते. बरं, नुसते दातच नाहीत. गालाची कमान काडीसारखी बारीक. डोक्यावर दोन्ही बाजूंना जी हाडाची धार असते, ती जवळजवळ नाहीच, सगळं गुळगुळीत. कपाटातल्या एकूण एक कवटीशी त्याने ती ताडून पाहिली. एकीशीही जुळेना.

नवी जात! दुसरं काय असणार?

आणि नवी जात म्हटली की नाव ठेवायचा मान शोधणाऱ्याचा. देविदासने नाव ठरवायला एक रात्रही घेतली नाही. त्याच्या आईचं नाव भिकाबाई. तिच्याआधीची भावंडं जगली नाहीत म्हणून हिला देवाकडे भीक मागून आणलेली, असं मानून हे नाव ठेवलेलं. शाळेत मास्तर हजेरीच्या वेळी पालकाचं नाव विचारायचे तेव्हा पोरं हसायची आणि देविदास आईचं नाव तोंडातल्या तोंडात घ्यायचा. आता तेच नाव, लॅटिन रीतीने शेपूट लावून, 'रॅटस भिकाये' असं जगभरच्या पुस्तकांत छापून येणार होतं. लंडनचा माणूससुद्धा ते आदबीने उच्चारणार होता. एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती आणि त्या हवेपणात तो आंधळा झाला होता.

त्याच्या विभागप्रमुख शीतल मॅडम तेव्हा विद्यापीठाच्या कामासाठी नांदेडला होत्या. त्या येईपर्यंत थांबायचं, त्यांना कवटी दाखवायची, मग बोलायचं, ही साधी रीत. पण दिवाळीत देविदास तांड्यावर गेला आणि नाईकांच्या ओट्यावर चहा पिता पिता सगळं सांगून मोकळा झाला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातली गत.

घरी आईलाही त्याने सांगितलं. ती चुलीपुढे भाकरी थापत होती.

"कुठं घावला म्हणला तुला?" भिकाबाईने विचारलं.

"नाल्याच्या बांधावर. पळसाखाली, दगडाच्या बुडी."

"हं," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

"याडी," तो आईला म्हणाला, "त्याला तुझं नाव देऊन राहिलो मी."

भिकाबाईने त्याच्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, मग मिटलं. "उंदराला माझं नाव! दुसरं काई मिळालं न्हाई का रं तुला?" एवढंच म्हणाली. पण देविदासची वहिनी मिराबाई पदराआड हसत होती आणि देविदास स्वतःवर इतका खूश होता की आईचं ते उघडून मिटलेलं तोंड त्याच्या लक्षात आलं नाही.

सोमवारी शीतल मॅडम आल्या. "जयभीम, जयभीम" करत त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांची विचारपूस केली आणि प्रयोगशाळेत शिरता शिरता म्हणाल्या, "सर, फाट्यावरच्या फ्लेक्सचा फोटो बघितला. नवी जात शोधलीत म्हणे. होत्या तेवढ्या कमी पडल्या का?"

"प्रजाती म्हणायचं होतं, मॅडम. पण नाईकांना जातच कळते."

"सगळ्यांना तीच कळते," मॅडम म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "आणा बघू."

देविदासने पेढ्याचं खोकं उघडून पुढे ठेवलं. मॅडमनी वरची कवटी हातात घेतली, 'अरे वा' म्हणाल्या, आणि बाजूला ठेवून दिली. मग खालचा जबडा उचलला. तो त्यांनी भिंगाखाली धरला, फिरवला, परत फिरवला. देविदासला वाटलं, मॅडम आता उठून हात मिळवतील.

"सर, हा खालचा जबडा नीट बघितलात?"

"मापं घेतली ना."

"मापं नका सांगू. बघितलात का? या इथं गाठ आहे बघा. हाड मोडलंय आणि वाकडं सांधलंय. चापात तोंड सापडलं असणार. त्यामुळे खालचे दात वरच्यांना लागेनासे झाले. उंदराचे पुढचे दात मरेपर्यंत वाढतात हे तुम्हीच पोरांना शिकवता. एकमेकांवर झिजतात म्हणून बेतात राहतात. हे झिजलेच नाहीत, मग वाढत गेले आणि वळले." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "जात नाही, सर. दात आहे."

देविदासने वरची कवटी पुढे सरकवली. "पण गालाची कमान? डोक्यावरची धार? ती पण चापाने गेली का?"

"चावायचं कामच पडलं नाही तर ती येईल कशाला? कुरतडायचं, फोडायचं, तेव्हा स्नायू तयार होतात. स्नायू हाडाला ओढतात, तेव्हा हाडाला धार येते. याने सगळं आयुष्य मऊ खाल्लंय. घरातला साधा उंदीर आहे हा. रॅटस रॅटस."

साध्या घरउंदराचं शास्त्रीय नाव तेवढंच आहे, एकच शब्द दोनदा. उंदीर उंदीर. एरवी देविदास वर्गात ते सांगताना पोरांना हसवायचा. आज त्याला ते कुणीतरी दोनदा टपली मारल्यासारखं लागलं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा आईचं वाईट वाटलं. तिचं नाव दारापर्यंत जाऊन परत आलं होतं.

मॅडमनी शिपायाला चहा सांगितला. चेष्टा करायला जागा भरपूर होती, पण त्यांनी केली नाही. उलट कवटी परत हातात घेऊन त्या बराच वेळ बघत बसल्या.

"मला वेगळंच कोडं पडलंय," त्या म्हणाल्या. "असा उंदीर उपाशी मरतो. त्याला दाणा उचलताच येत नाही. आणि हा तर चांगला म्हातारा होऊन मेलाय. कवटीचे सांधे बघा, पार मिटून गेलेत. सर, याला कुणीतरी भरवलंय. मऊ करून, रोजच्या रोज."

"रानातल्या उंदराला कोण भरवणार, मॅडम?"

"ते मला कसं माहीत? तांडा तुमचा."

त्या आठवड्यात देविदास शनिवारची वाट न बघता गुरुवारीच तांड्यावर निघाला. फ्लेक्स उतरवायला सांगायचं होतं. एसटीने औंढ्यापर्यंत आणि तिथून जीपने. फाटा आला तेव्हा तो मुद्दाम दुसऱ्या बाजूला बघत बसला, तरी जीपवाला म्हणालाच, "सर, उंदीर लय गोरा हाय तुमचा!"

घरी अंगणात भिकाबाई आणि मिराबाई सुपात सोयाबीन पाखडत होत्या. मोठा भाऊ जगन हळदीला पाणी द्यायला शेतात गेलेला. त्याची पोरगी मिना पायरीवर बसून अभ्यासाचं पुस्तक मांडीवर आणि पेरू तोंडात, असं करत होती. तिसरीतली पोर, आणि पुढचे दोन दात असे ठसठशीत की पेरूची काय बिशाद.

देविदासने बूटही काढले नाहीत. ओट्यावर बसला आणि सांगून टाकलं. "याडी, ती नवी जात न्हाई. साधाच उंदीर हाय. तुझं नाव न्हाई लागणार त्याला."

"बरं," भिकाबाई म्हणाली. सुपाची लय मोडली नाही.

"तुला वाईट न्हाई वाटलं?"

"मला काहून वाईट वाटंल? मला नाव हाय की."

"त्याचा जबडा मोडला व्हता म्हणं. मॅडम म्हणतेत, त्याला कुणीतरी रोज मऊ भरवलं, म्हणून जगला."

आता सूप थांबलं. सोयाबीनचे चार दाणे घरंगळत अंगणात गेले आणि कोंबडीने टिपले. भिकाबाईने सुनेकडे बघितलं, नातीकडे बघितलं, आणि चोरी पकडली गेल्यासारखी हसली.

"मी," ती म्हणाली.

"तू?"

"मंग काय करू? हिचा दात पडला व्हता ना." तिने मिनाकडे बोट केलं. "कणगीखालच्या बिळात टाकाया लावला मी. 'उंदरा उंदरा, माझा दात तुला घे, तुझा दात मला दे.' समदेच टाकतेत. तुझे बी तिथंच हायत."

"ते ठाव हाय. पुढं?"

"पुढं काय, हिचा दात यीना. शाळेतली पोरं बोळकी म्हणायची, हे लेकरू तोंडावर हात ठिऊन बोलायचं. अन् तवाच तुझ्या भावानं चाप लावला. सकाळी बघते तर हा त्यातून सुटून कोपऱ्यात बसलेला, तोंडातून रगत, अन् खालचा पुढचा दात न्हाई." भिकाबाईने हात जोडल्यासारखे केले. "अन् त्याच टायमाला हिच्या हिरडीवर पांढरं टोक आलं. माझ्या डोळ्यानं बघितलं मी. आता तू शिकलेला हायस, तूच सांग. कुणाचा दात कुणाला गेला?"

देविदासने उंबऱ्याआतल्या कणगीकडे बघितलं.

"त्यानं आपला बोल पाळला, पोरा. तोंडचा दात काढून दिला लेकराला. मंग त्याला आपून उपाशी मारायचं का? ताकात भाकर कुस्करून ठिवायचे रोज. सणाला लापशी. हळूहळू माझ्या हातातून बी खायला लागला."

"आत्या!" मिराबाईचं सूप खाली आलं. "आमी म्हणतो ताक कुठं जातं! मांजरीला मारलं मी त्यापायी."

"मांजरीचं पाप माझ्या डोक्यावर. पण मिरे, तूच बघ ना. उंदीरमामा म्हणतो आपून. मिनाचा मामा म्हंजी तुझा भाऊ. सुनंच्या माहेरचा माणूस दारात आलेला उपाशी ठिवला असता तर लोकांनी मला काय म्हणलं असतं?"

"अन् माझा सख्खा भाऊ आला व्हता तवा तुमी त्याला ताकाचं इचारलं बी न्हाई!"

"त्याला दात हायत," भिकाबाई म्हणाली.

मिराबाई हसायला लागली ती थांबेचना. मिनाला काय झालं ते अर्धंच कळलं होतं, तरी तीही पेरूसकट हसत होती. देविदासलाही हसू आवरेना.

"मेला तवा मीच नेऊन ठिवला पळसाखाली," भिकाबाई जरा वेळाने म्हणाली. "कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर दगड ठिवला. अन् तूच उकरलास. कुत्रं बरं!"

"मंग दिवाळीत मी सांगितलं तवा बोलली काहून न्हाई?"

"तू किती खूश व्हतास. शाळंत माझं नाव घ्यायला लाजायचास, आता जगभर नेतो म्हणत व्हतास. मी म्हणलं, जाऊ दे, मामानं अजून एक काम केलं आपलं."

म्हणजे शाळेतलं ते तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं आणि एका शब्दाने ती बोलली नव्हती. देविदासने खाली बघितलं आणि बुटाची नाडी सोडायला लागला, सुटलेली असूनही.

लेकराचा दात लेकराच्याच हिरडीतून येतो, दुधाचा दात पडला की खालून पक्का दात वर सरकतो, कधी लवकर, कधी उशिरा, उंदराचा त्यात काही हात नसतो. हे सगळं तो दरवर्षी वर्गात आकृती काढून शिकवायचा. ओट्यावर बसून त्याने मिनाच्या तोंडाकडे बघितलं. पेरूच्या बिया कडाकड फोडत होती पोरगी. त्याला आकृती काढावीशी वाटली नाही. कवटीवरची धार का आली नाही, कमान का बारीक राहिली, याचं खरं उत्तर त्याला मिळालं होतं, आणि ते मॅडमना कधी एकदा सांगतो असं झालं होतं. रानात न सापडणारी कवटी होती ती. आईच्या हाताने घडवलेली.

"याडी, परत आणून देऊ का त्याला? पुरायला?"

भिकाबाईने विचार केला. "तुझी लेकरं शिकतेत ना त्याच्यावर? ऱ्हाऊ दे मग. मामाच हाय, शिकवंल. कापूस मऊ घाल म्हंजी झालं."

संध्याकाळी देविदास नाईकांकडे गेला. लालसिंग नाईकांनी सगळं शांतपणे ऐकलं. "म्हंजी जात न्हाई?"

"न्हाई, नाईकसाहेब. दात."

"फ्लेक्स काढायचा न्हाई," नाईक म्हणाले. "पडलेल्या उमेदवाराचे फ्लेक्स वर्षभर ऱ्हातेत, आपून तर काई पडलो न्हाई. चुकलं तेवढं दुरुस्त करू." आणि त्यांनी बैलांची शिंगं रंगवायचा डबा आणि ब्रश घेतला.

सकाळी सगळी वरात फाट्यावर निघाली. पुढे नाईक, मागे देविदास, मिना शाळेचं दप्तर पाठीला लावून, आणि भिकाबाईसुद्धा, कारण औंढ्याला बाजार होता आणि जीप तिथेच मिळणार होती. जगन मोटारसायकल लावून मजा बघायला थांबला. नाईक दगडावर चढले. 'जात' मधल्या 'ज'वर आधी पांढरा रंग फासला, मग लाल रंगात झोकात 'द' काढला. उतरून दोन पावलं मागे आले, मिशीवर हात फिरवला.

मिना मोठ्याने वाचायला लागली. "उंदराची नवी दात." आणि खिदळली. "आजा, नवी दात न्हाई! नवा दात!"

"आता समदंच पुसायचं का?" नाईक वैतागले.

"समदं काहून?" मिना म्हणाली. "वेलांटीचं टोपडं पुसलं की खाली काना ऱ्हातो."

जगनने पोरीला खांद्यावर घेतलं. तिने ओठ दातांत धरून आधी 'ची'वरचं टोपडं पांढऱ्या रंगाने मिटवलं, मग 'वी'वरचं. जीभ बाहेर, नाकावर रंग. 'उंदराचा नवा दात शोधल्याबद्दल प्रा. देविदास आडे यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली गोरा उंदीर तसाच होता आणि त्याच्या बरोबर वर, बापाच्या खांद्यावर, मिना सगळे दात दाखवून हसत होती. देविदासने मोबाइल काढून फोटो घेतला आणि तिथल्या तिथे शीतल मॅडमना पाठवला.

भिकाबाईला वाचता येत नव्हतं. जीप येताना दिसत होती, तिने पिशवी उचलली आणि नातीला विचारलं, "काय लिवलं गं आता?"

मिनाने बोट फिरवत वाचून दाखवलं. भिकाबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"शोधला म्हणं," ती जीपमध्ये चढता चढता म्हणाली. "शोधला कुठं? त्यानं आपण होऊन दिला."